स्क्रूच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या पथकात सात माणसं होती आणि त्यातल्या सहांना बाईंचं नाव धड माहीत नव्हतं. सातव्या त्या स्वतः. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत, आणि फोन आला तर त्याही "हं, मोजणीबाई बोलतेय" असंच म्हणत.

म्हाताऱ्या माणसांची औषधं, त्यांचं अपंगत्व आणि त्यांच्या उपयोगी पडतील अशी नवी यंत्रं, या सगळ्याचा एकत्र अभ्यास करायला हे पथक बसवलं होतं. मोठे डॉक्टर, औषधतज्ज्ञ मॅडम, व्यायाम शिकवणारी, आकडेवाला, संगणकवाला, सगळ्यांचं टाईप करणारा मी, आणि या बाई. प्रत्येकाची खोली वेगळी आणि प्रत्येकाचा रकाना वेगळा. एकत्र म्हणाल तर फक्त चहाचं यंत्र होतं, आणि तेही निम्मा वेळ बंद.

बाईंचं काम म्हणजे घरोघरी जायचं, म्हाताऱ्यांच्या उरलेल्या गोळ्या मोजायच्या आणि लिहून आणायच्या. पर्समध्ये एक पांढरी ताटली आणि बोथट सुरी. गोळ्या ताटलीत ओतायच्या आणि सुरीने पाच-पाच करून बाजूला सारायच्या. ओठ हलायचे, आवाज नाही. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. उरलेल्या जास्त निघाल्या तर त्या कधी रागावल्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, "गोळी न घेणारा माणूस खोटारडा नसतो हो. त्याच्याकडे कारण असतं. ते कुणी विचारत नाही, एवढंच." मी मान डोलावली आणि टाईप करत राहिलो. मान डोलावण्यात मी पटाईत आहे.

मग संगणकवाल्याने तो डबा आणला. प्लॅस्टिकचा, रोजचा एक कप्पा, वर छोटा दिवा. संध्याकाळी वेळेवर झाकण उघडलं की दिवा हिरवा, नाही उघडलं की लाल. आणि तेच आमच्या पडद्यावर आणि घरच्यांच्या फोनवर दिसायचं. बाईंना सांगण्यात आलं, आता मोजायची गरज नाही. महिन्यातून एकदा कप्पे भरा, बॅटरी बघा, बस. कानामागून आला आणि तिखट झाला, तसा तो डबा. बाईंनी डबा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "झाकण उघडलं हे कळतं. गिळली हे कशावरून कळतं?"

"बाई, कोण कशाला उगाच झाकण उघडेल?" संगणकवाला हसला. आम्हीही हसलो. मीही हसलो होतो, हे लिहून ठेवतो.

सुतारकाका हे आमचं रत्न. वय अठ्ठ्याहत्तर, रक्तदाबाचे रुग्ण, अकरा महिन्यांत एकही लाल दिवा नाही. त्यांच्या बायकोला, काकूंना, झटका येऊन उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. काकांनी घरभर भिंतींना लाकडी कठडे ठोकले होते. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर काकूंना ते स्वतः उचलत. "एक, दोन, तीन" म्हणायचे. दोनवर काकू डावा हात पुढे करायच्या आणि तीनला दोघं मिळून उठायचे. परगावी राहणाऱ्या मुलीचं म्हणणं, आईला संस्थेत ठेवावं, बाबांना झेपत नाही. बापलेकीत शेवटी असं ठरलं, की बाबांची तब्येत धड आहे तोवर आई घरी. तब्येत धड आहे हे मुलीला कळायचं ते फोनवरच्या हिरव्या दिव्यावरून.

एका भेटीत डब्याची बॅटरी बदलायला बाईंना बारीक स्क्रू हवा होता. काका काकूंची कूस बदलत होते, तिथूनच म्हणाले, "फळीवरचा डबा घ्या, ताई." फळीवर स्क्रूचे चार पत्री डबे होते. बाईंनी उघडला त्यात स्क्रू नव्हते. पांढऱ्या गोळ्या होत्या, काठोकाठ.

हे सगळं बाईंनी मला नंतर सांगितलं. काका तिथेच खाली बसले आणि म्हणाले, "घेतली की जमीन हलते, ताई. पहिल्या आठवड्यात हिला उचलताना मी हललो, दोघंही पडणार होतो. मी पडलो तर पडलो. ही पडली तर हिला कोण उचलणार?"

"डॉक्टरांना सांगायचं ना, काका."

"सांगितलं तर ते मुलीला सांगणार. मुलगी येणार आणि हिला घेऊन जाणार. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या." आणि त्यांनी हात जोडले. बाई म्हणाल्या, त्यातल्या एका हाताच्या अंगठ्याला वरचं पेर नव्हतं.

बाईंनी एक महिन्याची मुदत दिली. तोवर नाव न घेता औषध बदलून घेता येतं का बघते, म्हणाल्या. त्या औषधतज्ज्ञ मॅडमकडे गेल्या, "एखाद्याला चक्कर येत असेल तर..." एवढं बोलल्या आणि मॅडमनी लगेच विचारलं, "कुठल्या नंबरचा रुग्ण?" बाई मूग गिळून परत आल्या. मग माझ्या टेबलापाशी उभ्या राहिल्या.

"गोळीने काय होतं, ते लिहायला फॉर्मात जागा आहे का हो?"

"'इतर' मध्ये लिहा," मी म्हणालो. "पण 'इतर' कुणी वाचत नाही, बाई. मी टाईपसुद्धा करत नाही."

त्या बराच वेळ उभ्या होत्या. मी वर पाहिलं नाही. मला अहवाल संपवायचा होता.

त्याच आठवड्यात बैठक झाली. घरोघरी जाणाऱ्यांना बैठकीला बोलवायची पद्धत नव्हती. पडद्यावर काकांची ओळ आली: औषध नियमित, शंभर टक्के, रक्तदाब तरीही चढलेला. मॅडम म्हणाल्या, एवढं नियमित घेऊनही उतरत नसेल तर दोनाच्या तीन करा. कागदावर पाहिलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. चिठ्ठी मी टाईप केली. बाईंनी ती वाचली आणि हलकेच म्हणाल्या, "त्यांना दोन काय नि तीन काय." तेव्हा मला अर्थ कळला नाही. बाईंनी काकांच्या डब्याच्या कप्प्यांत तीन-तीन गोळ्या भरल्या आणि ठरवलं, पुढच्या भेटीत काकांना घेऊन सरळ मोठ्या डॉक्टरांसमोर बसायचं.

पुढची भेट झालीच नाही. काकूंना उचलताना काका फरशीवर घसरले, काकूंना त्यांनी पलंगावर ढकललं आणि स्वतःचं मनगट मोडून घेतलं. शेजारणीने काकूंची जबाबदारी घेतली आणि काकांना दवाखान्यात धाडलं. दवाखान्यात आमची औषधांची यादी पडद्यावर तयार होती. तिचा आम्हाला कोण अभिमान! रक्तदाब मोजला, चढलेलाच. संध्याकाळी परिचारिकेने तीन गोळ्या काकांच्या तळहातावर ठेवल्या आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिली. दुसऱ्या संध्याकाळीही तसंच.

आणि आमच्या पडद्यावर काकांच्या घरचा डबा लाल झाला. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. दोन दिवस, दोन लाल ठिपके. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना चिडवलं, "तुमचा पहिला नंबर नापास झाला हो! मुलीला विचारलं, तर म्हणे दवाखान्यात आहेत."

बाई उठून उभ्या राहिल्या. "तिथे त्यांना गोळ्या देतायत?"

"दवाखाना आहे, बाई. गोळ्या नाही देणार तर काय?"

त्या पर्स तिथेच टाकून धावल्या. मी त्यांना सव्वीस वर्षांत धावताना पाहिलं नव्हतं. त्या पोचल्या तेव्हा खाटेभोवती पडदा ओढलेला होता. बायकोला सकाळी उठवायची वेळ झाली, मला घरी जाऊ द्या, म्हणत काका पहाटे उभे राहिले होते आणि उभे राहिले तसेच कोसळले होते. डोकं खाटेच्या लोखंडावर आपटलं आणि ते तिथेच गेले.

पुढच्या बैठकीला बाई न बोलावता आल्या. मोठ्या डॉक्टरांसमोर ताटली ठेवली, काकांच्या फळीवरचा तो पत्र्याचा डबा ओतला आणि पाच-पाच करून मोजायला लागल्या. कुणी थांबवलं नाही. पाव तास त्या खोलीत फक्त सुरीचा आवाज होता. "सहाशे बासष्ट," त्या म्हणाल्या. "यातली एकही गिळलेली नाही. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही." मी सांगायला हवं होतं, की त्या विचारायला आल्या होत्या, आणि 'इतर' कुणी वाचत नाही असं मीच म्हणालो होतो. मी खाली मान घालून बैठकीचं टिपण लिहीत राहिलो. आज हे लिहितोय ते त्यासाठीच, आणि लिहून काही भागत नाही हेही कळतंय.

फॉर्मात आता नवा रकाना आहे: गोळी घेतल्यावर काय होतं? तो पहिला वाचतात. बाईंनी मात्र राजीनामा दिला. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा परत केला, तरी दिला.

काकूंना मुलीने संस्थेत ठेवलं. तिथली माणसं वाईट नाहीत, पण घाईत असतात. न सांगता उचलतात आणि काकू अंग ताठ करतात. म्हणून बाई रोज सकाळी तिथे जातात. एकदा मीही गेलो, दारापाशीच उभा राहिलो. बाई वाकल्या, "एक" म्हणाल्या. "दोन" म्हणाल्या. काकूंनी डावा हात पुढे केला, आणि बाईंच्या खांद्यावरून दाराकडे बघितलं. दारात मी होतो, काका नव्हते. काकूंनी हात मागे घेतला.