कानबाईची शपथ

हे लिहू की नको, यात माझे तीन श्रावण गेले. देवाचा अनुभव कोणी सांगायला लागलं की ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याची भक्ती दिसते. माझ्या अनुभवात आधी माझं खोटं दिसेल, आणि ते देवीच्याच नावावर केलेलं खोटं आहे. म्हणून पेन उचलायचे आणि भाजी निवडायला बसायचे. पण मनात ठेवून ठेवून ते कुबट व्हायला लागलं, तेव्हा म्हटलं लिहून टाकावं. माझी शाळा सातवीपर्यंतची. पुढचं जे काही आलं ते पुड्यांचे कागद वाचून आणि मुलीच्या पुस्तकांतून आलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

माझी मुलगी ज्योती गणितज्ञ आहे. शिकवण्या घेणारी म्हणत नाही मी, गणितात संशोधन करणारी. दहावीपर्यंत तिचं गणित मीही शिकले. दुपारी ती शाळेतून यायची, मी पोळ्या लाटता लाटता विचारायचे, आज काय झालं? मग ती पाटीवर समीकरण मांडायची आणि मी लाटणं बाजूला ठेवून ते सोडवायचे. दहावीनंतर मात्र तिचा रस्ता वेगळा झाला आणि मी मागे उभी राहून तिच्याकडे बघत राहिले. जळगावात बी.एस्सी., पुण्यात एम.एस्सी., मग दक्षिणेत एका संस्थेत पीएच.डी., मग दोन वर्षं जर्मनीत, मग इथे-तिथे तात्पुरत्या जागा. हे गेले तेव्हाही ती परदेशातच होती. आमच्या भाऊबंदांच्या लग्नकार्यात बायका विचारायच्या, "ज्योती काय करते हो सध्या?" मी म्हणायचे, गणित करते. "अजून सुटलं नाही का?" असं म्हणून हसायच्या. मीही हसायचे. घरी आल्यावर मात्र तोंड कडू व्हायचं.

घरी आली की ती करायची तरी काय? गच्चीवर खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसायची. तास तास. शेजारीण एकदा हळूच म्हणाली, पोरीला काही त्रास आहे का, एखाद्या चांगल्या माणसाला दाखवा. ज्योतीला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, त्यांना सांग, मी ऑफिसात बसलेय."

सहा वर्षं असं बसून तिनं एक प्रमेय सिद्ध केलं. ते जगातल्या फार मोठ्या मासिकात छापून आलं. आपल्या पेपरात तिचा फोटो आला, 'खान्देशकन्या' म्हणून. त्या दिवशी मी रस्त्यानं चालत नव्हते, तरंगत होते, खोटं कशाला बोलू? माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी जाहीर सत्कार ठरवला. कानबाई ही आमच्या खान्देशाची देवी, श्रावणात घरोघरी बसते; तिच्या उत्सवाला बाहेरगावची सगळी माणसं घरी येतात, म्हणून उत्सवानंतरचाच बुधवार धरला. शिवाय पुढच्या महिन्यात एका मोठ्या संस्थेत ज्योतीची मुलाखत होती, कायमच्या जागेसाठी. ती मुलाखत त्या छापलेल्या प्रमेयाच्या जोरावरच होती. पस्तिशीला आलेली मुलगी, दर दोन वर्षांनी सामान बांधणारी. आता तिचं बूड एका जागी टेकेल, एवढीच माझी आस होती.

उत्सवाच्या आधी शुक्रवारी सकाळी मी स्वयंपाकघरात गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, चिरत होते. ज्योती आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. आदल्या दिवशीच ती घरी आली होती. म्हणाली, "आई, त्यात चूक आहे." मला वाटलं, गंगाफळात कीड निघाली. ती म्हणाली, "माझ्या सिद्धतेत. पंधरा दिवसांपूर्वी मलाच सापडली." मला समजावं म्हणून ती बिचारी माझ्या भाषेत सांगायला लागली. तुझ्याकडे गव्हाची दहा पोती आली, तू नऊ उघडून बघितली, सगळी चांगली निघाली, आणि दहावं न उघडता तू लिहून दिलंस की दहाही चांगली आहेत. मी म्हटलं, मग असेलच की दहावंही चांगलं! ती म्हणाली, "असेल. पण मी बघितलं नाही ना." मासिकाला पत्र लिहून ते मागे घ्यायचं, असं तिनं ठरवलं होतं. पत्र लिहूनही ठेवलं होतं. पाठवण्याआधी मला सांगावं, एवढ्यासाठी थांबली होती.

आता जे झालं ते लिहायलाच हवं. मी सुरी ठेवली. विचारलं, ही चूक आणखी कोणाला माहीत आहे? कोणालाच नाही, ती म्हणाली. म्हटलं, मग कोणाला कळतंय? एवढे मोठे मोठे लोक वाचून गेले, त्यांना नाही दिसली. मुलाखत होऊ दे, ऑर्डर हातात पडू दे, मग काय पाठवायचं ते पाठव. ती नाही म्हणाली. मी रडले, हे असते तर काय म्हणाले असते तेही काढलं. तरी ती नाहीच म्हणाली. तेव्हा मी तिचा हात धरून देव्हाऱ्यापाशी नेलं. कानबाई म्हणून बसवायचा नारळ आणून ठेवला होता, अजून त्याला डोळे-नथ लावायची होती. त्या नारळावर तिचा हात ठेवला आणि म्हटलं, तुला कानबाईची शपथ आहे, नोकरीची ऑर्डर येईपर्यंत हे कोणालाही कळवायचं नाही. ज्योती देवाधर्माचं काही करत नाही. दिवासुद्धा मी सांगितलं तर लावते. तिनं हात काढून घेतला आणि गच्चीवर गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी मनात म्हटलं, येईल भूक लागल्यावर. आणि देवीला म्हटलं, माझ्या लेकराचं चांगलं कर. बघा, तोंड किती निगरगट्ट असतं माणसाचं.

शनिवारी सकाळी रोटांचं दळण आणायला गेले. आमच्याकडे कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एक वाढती मूठ, सव्वा मूठ म्हणतात ती, गहू मोजून घेतात. ज्योती लहानपणी विचारायची, आई, बायांची भूक कोण मोजतं? तर असे मोजलेले गहू दळायला न्यायचे, आणि चक्कीवाला त्या दिवशी चक्की धुऊन पुसून फक्त कानबाईचंच दळतो. ही रांग असते! माझ्यापुढे एक म्हातारी होती. पाठीत वाकलेली, हिरवं लुगडं, धुळ्याकडून लेकाकडे आलेली असावी, कारण बोली तिकडची होती. माझं माहेरही धुळ्याकडचंच, म्हणून कानाला गोड लागलं. तिचे गहू चक्कीच्या तोंडात ओतले, पट्टा फिरला, पीठ पडायला लागलं, आणि म्हातारी एकदम ओरडली.

"थांब भाऊ, बंद कर! मनी मोजनी चुकनी."

चक्कीवाल्यानं बटण दाबलं. काय झालं आजी, म्हणाला. तिनं सांगितलं, "मुठी टाकता टाकता सूननी हाक मारी. पंधरा व्हयन्यात का सोळा, माले याद नही."

"अहो आजी, एक मूठ इकडे-तिकडे. कोणाला कळतंय?"

 कालचे माझे शब्द, एक कमी नाही, एक जास्त नाही. रांगेतली एक तरुण सून हसत म्हणाली, "आजी, कानबाई काय घरोघरी मुठी मोजत फिरते का?" सगळे हसले. म्हातारीही हसली, तोंडात चार दात. म्हणाली, "ती कशाले मोजी माय? मोजनं मनं काम शे." मोजणं तिचं काम, देवीचं नव्हे! मग चक्कीवाल्याकडे वळून म्हणाली, "सोळा व्हतीन बी. पन माले माहीत नही ना. माहीत नही आनि सोळा सांगू का तिले?"

तिनं अर्धवट पीठ आणि उरलेले गहू पदरात बांधले, हे घरात खाऊ म्हणाली, आणि नवे गहू मोजून आणायला निघाली. मागून कोणीतरी म्हणालं, गेला हिचा नंबर. तिनं मागे वळूनही बघितलं नाही. जाता जाता माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "तू दळी ले बेटा." चक्कीवाला माझा डबा मागत होता. मी तो तसाच धरून उभी. त्या म्हातारीला ना सत्कार होता ना ऑर्डर. तिच्या हातून एक मूठ चुकली असेल-नसेल, तेवढ्यासाठी ती उन्हातून परत गेली. आणि मी? अख्ख्या जगाला सोळा सांगायला निघालेल्या मला पंधरा दिवसांपासून तळमळणारी पोरगी दिसली नाही. वर त्या खोट्याला राखण म्हणून मी देवीला बसवलं होतं. लाज कशी असते ते मला त्या दिवशी कळलं. ती तोंडावर येत नाही, पोटात उतरते. मी डबा तिथेच रांगेत ठेवला आणि चपला ओढत घरी आले.

ज्योती गच्चीवर होती. मी धापा टाकत म्हटलं, पाठव ते पत्र. ती म्हणाली, "तू शपथ घातलीयस." म्हटलं, ती मी परत घेते. तिनं विचारलं, "शपथ परत घेता येते?" हा प्रश्न तिनं चेष्टेनं विचारला नव्हता. तिला खरंच नियम काय आहे ते हवं होतं. मी म्हटलं, मला नाही माहीत. पाप लागायचं असेल तर मला लागू दे, तू पाठव. तिनं लॅपटॉप उघडला. मला वाटलं काहीतरी मोठा आवाज होईल. एक टिचकी वाजली, झालं. मग ती तिथेच जमिनीवर बसली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. नंतर दोन भाकऱ्या खाल्ल्या, ठेच्याशी, उभ्या उभ्याच.

सत्कार रद्द करा म्हणून नानांना फोन मीच केला. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "ज्योतीच्या आई, पत्रिका वाटून झाल्या. आता लोकांना काय सांगू, गणित चुकलं म्हणून?" म्हटलं, हो नाना, तेवढंच सांगा. चुकलं, आणि तिचं तिनंच शोधलं. उत्सवात बायका कुजबुजल्या, चुकलं म्हणे, सहा वर्षं वाया. ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझ्या पोटातल्या लाजेपुढे ती लाज फार हलकी होती. दळण आणायला परत गेले तेव्हा चक्कीवाल्याला विचारलं, ती आजी आली होती का. आली, दळून घेऊन गेली, म्हणाला. पुढच्या वर्षी मी तिला शोधलं, दिसली नाही. ती कोण होती याचा मी कीस काढत नाही. कोणाची तरी आजी होती, लेकाकडे आली होती, मूठ चुकली होती. माझ्यापुरती ती कोण होती ते मला ठाऊक आहे.

ती नोकरी मिळाली नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की खरं बोललं की लगेच देवी ताट वाढते. मुलाखतीला बोलावून त्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. आता ज्योती धुळ्यात एका कॉलेजात शिकवते आणि पहाटे आपलं संशोधन करते. ते दहावं पोतं अजून पुरतं उघडलेलं नाही. एकदा मात्र परदेशातल्या एका अनोळखी गणितज्ञाचं पत्र आलं, ते तिनं मला मराठीत करून सांगितलं. तो माणूस तिच्या प्रमेयावर आपलं काम रचत होता. तुम्ही कळवलं नसतं तर माझी पुढची कितीतरी वर्षं त्यात गेली असती, असं त्यानं लिहिलं होतं. मी त्या न पाहिलेल्या माणसाच्या आईचा विचार करत बसले. माझ्या एका शपथेनं तिच्या लेकराचं काय केलं असतं!

यंदा उत्सवाला ज्योती आली तेव्हा धीर करून मी तिला विचारलं. तू तर देव मानत नाहीस. मग त्या दिवशी माझी शपथ का पाळलीस? अन्न सोडलंस, पण पत्र पाठवलं नाहीस, असं का? ती रोटाचं पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "देवीला नाही मानत मी. तुला मानते ना."

मी उठून कानबाईसमोर जाऊन उभी राहिले. दर वर्षी माझी मागण्यांची यादी तयार असते, आधी ज्योतीची नोकरी, मग बाकीचं. या वर्षी ती यादी मी काढलीच नाही. माझ्यावर एवढा विश्वास टाकणारं माणूस तिनं माझ्या पोटी घातलं होतं, आणि ते मी मागितलेलंही नव्हतं. तुला कळेल तसं कर माय, एवढंच म्हटलं. आतून ज्योतीची हाक आली, "आई, पाणी आणखी घालू का?" मी डोळे पुसले आणि तिला सांगायला आत गेले.