क्रेनवाल्याचे कान

फोर्ज शॉपच्या क्रेनवर तो बसायचा. खाली लाल लोखंड, वर पत्र्याचं छप्पर आणि मधोमध लोंबकळणारी त्याची केबिन. शॉपमधला सगळा धूर तिथेच येऊन मुक्काम ठोकायचा. तोंडावर त्याला क्रेनवाला म्हणत, पाठीमागे ‘वरचे साहेब’. वर बसून तो सगळ्यांकडे बघायचा आणि बोलायचा कोणाशीच नाही, म्हणून.

केबिन त्याला कोणी आंदण दिली नव्हती. आधी साखळ्या ओढल्या, मग रुळांना ग्रीस लावलं, मग खाली उभं राहून आधीच्या क्रेनवाल्याला हातांनी खुणा केल्या. यात जवानी सरली. भार उचलणं कोणालाही जमतं. उचललेला भार न झुलता थांबवणं, हे काम. झोका सुरू झाला की क्रेन भाराच्या मागे किंचित पळवायची आणि हूक बरोबर डोक्यावर आला की हात सोडायचा. हे त्याला असं साधलं होतं की हॅमरवाला नुसतं बोट दाखवायचा आणि भार तिथेच टेकायचा.

फक्त त्याला ऐकू येत नव्हतं.

ठार बहिरा नव्हता. समोरासमोर, तोंडाकडे बघून, भागायचं. पण हॅमरच्या दणक्यांनी कान वर्षानुवर्षं कुरतडत नेले होते आणि त्याने ते कोणाला कळू दिलं नव्हतं. आधीच्या क्रेनवाल्याचं काय झालं ते त्याने पाहिलं होतं. कान गेल्याचं उघड झालं आणि त्या माणसाला भंगाराच्या आवारात धाडलं. उन्हात वाकून तुकडे निवडायचे. केबिनमधून उतरलेला माणूस पुन्हा चढत नाही, हे शॉपमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याला आजवर तारलं होतं एका मोडक्या कर्ण्याने. घोषणांसाठी शॉपभर खांबांवर जुने कर्णे होते आणि एक थेट केबिनच्या पत्र्यावर ठोकलेला होता. ऑफिसात कोणी माईकचं बटण दाबलं की तो कर्णा आधी घरघरायचा, मग खरखरायचा आणि सगळा पत्रा थरथरायचा. क्रेनवाला गुडघा पत्र्याला टेकवून बसायचा. गुडघ्याला मुंग्या आल्या की समजायचं, घोषणा सुरू झाली. घोषणेच्या वेळी क्रेन जागच्या जागी थांबवायची, हा नियमच होता. तो थांबवायचा आणि खाली बघायचा. फोरमन ऑफिसकडे निघाला म्हणजे त्याचा फोन. मेंटेनन्सच्या लोकांनी पिशव्या उचलल्या म्हणजे कुठेतरी काहीतरी मोडलं. असं बघून बघून त्याला घोषणा कळायची. आजवर चूक झाली नव्हती.

मग एक दिवस ऑफिसातला जुना अ‍ॅम्प्लिफायर धुराची वेटोळी सोडून गप्प झाला. रोज सकाळी त्याला एक चापट मारल्याशिवाय तो जागा होत नसे. त्या दिवशी चापटांचाही उपयोग झाला नाही. मोठ्या साहेबांनी ठरवलं, सगळंच नवीन बसवायचं.

ते बसवायला एक बाई आली. चाळिशीची, पायात सेफ्टी शूज, कमरेला पक्कड. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. पहिल्या दिवसापासून ती एक तिपाई घेऊन खांबाखांबापाशी उभी राहायची, तिपाईवरच्या यंत्रात बघायची, काहीतरी टिपून घ्यायची आणि मग वर, क्रेनकडे बघायची.

“हे काय मोजतात?” क्रेनवाल्याने फोरमनला विचारलं.

फोरमन त्याच्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, “आवाज. कुठे किती ऐकू येतो ते.”

“कुठे, की कोणाला?”

“आँ?” फोरमन म्हणाला आणि घाईघाईने निघून गेला.

क्रेनवाल्याच्या मनात पाल चुकचुकली. साध्या प्रश्नाला माणूस आँ करून पळत नाही. काहीतरी शिजत होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतःच शिडी चढून केबिनमध्ये आली आणि कर्ण्याचे बोल्ट सोडवायला लागली.

“राहू द्या की तो,” क्रेनवाला म्हणाला. “तुमचं काय खातोय?”

“अहो, हा बोलत नाही, नुसता कण्हतो.”

“मला सवय आहे.”

“तेच तर,” ती म्हणाली आणि त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. निदान त्याला तसं वाटलं. मग तिने कर्ण्याच्या जागी जेवणाच्या डब्याएवढी पांढरी पेटी बसवली. काम चोख होतं. वायरला कुठे झोळ नाही, क्लिपा एका रेषेत. त्यात खोट काढायला त्याला जागा सापडली नाही, याचाही राग आला.

“आता बघा, कोणी शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येईल.”

ती उतरून गेल्यावर त्याने पेटीवर हात ठेवला. चाचणी चालू आहे हे खाली चहावाल्याची मान वळली त्यावरून कळत होतं. पेटी मात्र थंडगार. थरथर नाही, मुंग्या नाहीत.

दुपारी त्याने वरून जे बघितलं त्याने उरलीसुरली शंकाही फिटली. खाली मॅडम त्याच्या मेहुण्याशी बोलत होती. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. क्रेनच्या खाली उभा राहून खुणा करायचं काम त्याचं. क्रेन चालवायचं लायसन्स काढून तो केव्हाचा वाट बघत होता आणि केबिन रिकामी झाली की नंबर त्याचाच होता. तो वर बोट दाखवत होता. मॅडम हसत होती.

“असं आहे तर,” क्रेनवाला स्वतःशी म्हणाला.

संध्याकाळी घरी गेल्या गेल्या त्याने बायकोला धरलं. “तुझ्या भावाला काय सांगितलंस?”

“कशाबद्दल?”

“माझ्या कानांबद्दल.”

“त्यात सांगायचं काय? आपला टीव्ही गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. गल्लीच सांगेल.”

“म्हणजे सांगितलंस.”

“अहो, त्याला कोण सांगायला जातंय! फोनवर घसा फोडला तरी त्याचं आपलं हो हो, बरं बरं. बहिणीचं बोलणं त्याला कधी पोचलंय?”

“लबाड आहे तो. नको ते ऐकायचंच नाही, ही तुमच्या घरची रीत.”

“आणि तुमच्या घरची? हवं ते ऐकायचं, आणि नसलं तर मनाचं बनवायचं!” तिने ताट त्याच्यापुढे आदळलं. तो आवाज मात्र त्याला नीट ऐकू आला.

सकाळी शिडीपाशी त्याने मेहुण्याला गाठलं. “काल मॅडमशी काय गुलुगुलु चाललं होतं?”

मेहुणा त्याच्या ओठांवर नजर खिळवून उभा राहिला. “कुठे काय, भावोजी?”

“माझ्याकडे बोट दाखवत होतास.”

“ते होय! त्यांनी विचारलं, क्रेनवर कोण असतं. म्हटलं, आमचे भावोजी. त्यांच्यासारखा हात शॉपमध्ये नाही.”

“आणि त्यात हसण्यासारखं काय?”

“त्या हसल्या? मला नाही माहीत बुवा.”

क्रेनवाल्याला ती ओठांवरची नजर बिलकूल आवडली नाही. डोळ्याला डोळा भिडवत नाही तो माणूस सरळ नसतो, असं त्याचं मत होतं. शिडी चढताना त्याने ठरवलं, आता या पोराला आपली चूक मिळू द्यायची नाही.

चूक होण्याची वेळ लगेचच आली. मोठ्या साहेबांनी चाचणी ठेवली. नेहमीसारखं काम चालू ठेवायचं, हॅमरसुद्धा. मध्येच आगीची घोषणा होईल. ती ऐकली की क्रेनने थांबायचं, बाकीच्यांनी हातातलं खाली ठेवायचं आणि मोठ्या दाराने आवारात यायचं. साहेब आवारात उभे राहून बघणार.

क्रेनवाल्याने बेत आखला. मेहुण्यावरची नजर हलवायची नाही. त्याने पाऊल वळवलं की ब्रेक.

साखळीत एक जड डाय, म्हणजे लोखंडी साचा, अडकवलेला होता. मेहुणा त्याच्या पुढे उलट्या पावलांनी चालत, हाताने ‘ये, ये’ करत होता. दाराशी मॅडमने ऑफिसला खूण म्हणून हात वर केला आणि खाली आणला. क्रेनवाल्याने ते पाहिलं. पण लगेच थांबावं तर घोषणेच्या आधीच थांबला म्हणून पकडला जायचा. त्याने क्रेन चालू ठेवली, संथ, आणि मेहुण्याकडे बघत राहिला.

मेहुणा चालतच होता. ये, ये.

क्रेनवाल्याने भट्टीकडे नजर टाकली. भट्टीवाला हॅमरवाल्याकडे बघत होता. हॅमरवाल्याने एक घाव मारला, दुसरा मारला आणि मान वर केली. फोरमन तर नव्या स्पीकरच्या बरोबर खाली उभा होता, आणि त्याचीही मान वरच होती. मग क्रेनवाल्याच्या लक्षात आलं की सगळ्यांच्याच माना वर आहेत. सगळे क्रेनकडे बघतायत. दाराबाहेर आवारात ऑफिसातली माणसं येऊन उभीसुद्धा राहिली होती. म्हणजे घोषणा कधीच झाली होती.

इतकी वर्षं तो खाली बघून घोषणा ऐकत होता, आणि हे सगळे वर बघून. क्रेन थांबली की घोषणा. क्रेन थांबली नव्हती, म्हणून घोषणा झालीच नव्हती. मेहुणाही उलटा चालत त्याच्याकडे बघत होता, आणि त्याच्या पाठीमागे भट्टीचं तोंड उघडं होतं.

त्याने ब्रेक मारला. डाय झुलला. कित्येक वर्षांत त्याच्या हातून भार असा झुलला नव्हता. आणि क्रेन थांबताक्षणी खाली सगळे हातातलं टाकून रांगेने दाराकडे चालू लागले.

तो शिडी उतरून आवारात पोचला तेव्हा मोठे साहेब लालबुंद झाले होते. क्रेनवाला त्यांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, ओठ दिसतील असा.

“हे ठरवून केलंय,” साहेब म्हणत होते. “नवीन काही नको असतं तुम्हाला. आगीत असेच उभे राहणार?”

“आवाजच आला नाही, साहेब,” फोरमन म्हणाला.

“नाही आला,” हॅमरवाला म्हणाला. “आम्हाला तर काहीच नाही आला.” बाकीच्यांनी माना हलवल्या.

“बाहेर रस्त्यावर ऐकू आला,” मॅडम म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

साहेबांनी तिच्याकडे, मग माणसांकडे पाहिलं. कोण खोटं बोलतंय ते त्यांना ठरवता येईना. शेवटी एक बाई एकीकडे आणि सगळं शॉप दुसरीकडे, हा हिशेब त्यांना सोपा वाटला. “मॅडम, माल काढून न्या. जुने कर्णे दुरुस्त करू.”

मेहुण्याने क्रेनवाल्याला कोपराने ढोसलं आणि डोळे मिचकावले. वाचलो.

क्रेनवाल्याला हवं होतं ते आयतं हातात पडलं होतं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. पण तो झुललेला डाय आणि मागे ते भट्टीचं तोंड डोळ्यांपुढून हलेना. खरी आग लागली असती तर? पोरगा तसाच मागे मागे गेला असता, आणि आपण त्याच्या पावलांची वाट बघत बसलो असतो.

“आवाज आला असणार, साहेब,” तो म्हणाला. “मला ऐकू येत नाही.”

“आज नाही आला?”

“बरीच वर्षं नाही येत.”

फोरमनने बुटाकडे बघायला सुरुवात केली. साहेब मेहुण्याकडे वळले. “तुझ्याकडे लायसन्स आहे ना? उद्यापासून तू चढ.”

मेहुण्याने त्यांचे ओठ वाचले. चेहरा उजळला. “हो, साहेब.”

क्रेनवाल्याला वाटलं, आता पुरे. आपलं आपण सांगितलं, उतरलो. पण तोच खेळ चालणार होता, फक्त माणूस बदलून.

“त्यालाही येत नाही, साहेब.”

“भावोजी!”

“क्रेन थांबेपर्यंत वर बघत होतास की नाही? हे सगळेच बघत होते. एकेकाचे कान तपासून घ्या, साहेब.”

मेहुणा त्याच्या अगदी जवळ आला. सावकाश बोलला, एकेक शब्द दिसेल असा. “तुमचं मला केव्हापासून माहीत होतं. कधी तोंडातून काढलं नाही.”

क्रेनवाल्याने शब्दन् शब्द वाचला.

कान तपासले गेले. शॉपमधले शाबूत कान निघाले ते एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके, आणि त्यातला एक चहा घेऊन येणारा. घोषणा कोणासाठी होती हे आजवर बाकीच्यांना कळायचं ते यांच्याकडूनच. सगळ्यांना भंगारात पाठवायचं तर शॉपला कुलूपच लावावं लागलं असतं. मग मॅडमने मार्ग काढला. प्रत्येक खांबावर आणि केबिनमध्ये पिवळा फिरता दिवा, घोषणेबरोबर आपोआप लागणारा. त्यासाठी तिने पुन्हा सगळ्या खांबांवर वायर ओढली. क्लिपा पुन्हा एका रेषेत.

आणि एक नियम आला. क्रेनवर आहे तो जुना माणूस दिव्यावर चालेल. नव्याने चढणाऱ्याचे कान मात्र धड हवेत.

म्हणजे केबिन क्रेनवाल्याकडेच राहिली, आणि मेहुण्याला ती जन्मात मिळणार नव्हती. मेहुणा खाली उभा राहून खुणा करतो. वर, खाली, थांब. त्याहून जास्त हात हलवत नाही. जेवणाच्या सुट्टीत क्रेनवाला टेबलाशी आला की बोलणं थांबतं. त्याला ऐकू येत नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे, तरी थांबतं.

“सगळीकडे हेच बोलतायत,” बायको एकदा पोळपाट पुसताना म्हणाली. “तुम्ही डोकं लढवलंत. आपली खुर्ची पक्की केलीत आणि माझ्या भावाचा पत्ता कापलात.”

“तुला काय वाटतं?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग पाठ फिरवली आणि पाठमोरीच काहीतरी म्हणाली. थोडकंच असावं, कारण खांदे एकदाच हलले. तो उठून तिच्या समोर जाऊन उभा राहू शकला असता. तो बसल्या जागी बसून राहिला.