देवीदासभाऊंच्या पायांचा आरसा

माझे आतेभाऊ, निवृत्त विज्ञान शिक्षक देवीदासभाऊ गेल्या महिन्यात बुधवारी सकाळी सव्वासहा वाजता अकोल्यात वारले. पायाच्या जखमेतला संसर्ग रक्तात पसरला होता. ती जखम त्यांना शेवटपर्यंत दुखली नाही.

दर्यापूरच्या शाळेत मी त्यांच्या वर्गात होतो. मज्जासंस्थेचा धडा आला की ते गरम चहाने भरलेला स्टीलचा पेला मागवत. कुणीतरी बोट लावायचा आणि झटक्यात मागे घ्यायचा. "हात आधी मागं आला का पोयलं हे आधी समजलं?" "हात, सर." "मंग? मेंदूले विचारत बसला असता तं बोटं गेली असती." मग फळ्यावर आकृती निघे. त्वचेची वर्दी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाते, स्नायूंना हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला खबर मागाहून मिळते.

त्यांना मधुमेह जुना होता. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगून तळव्याला नायलॉनचा धागा टोचून पाहिला. टोचल्याचं जाणवलं की "हो" म्हणायचं होतं, पण भाऊ गप्प राहिले. सर्वांत लांबच्या नसा आधी निकामी होतात, म्हणून पावलं, असं डॉक्टर म्हणाले. अनवाणी फिरायचं नाही, रोज तळवे बघायचे. तेव्हापासून विमलवहिनी संध्याकाळी दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून त्यांचे पाय तपासत. "चौकीदार झोपला हाय, विमल. बत्ती तूच दाखव," भाऊ म्हणत. हे सगळं मला माहीत होतं.

यंदा बुद्धपौर्णिमेला मी अमरावतीहून भाऊंकडे गेलो होतो. भर दुपारी विहाराच्या अंगणात भाऊ खीर वाटत होते. चप्पल, मोजे बाहेर काढलेले. बुद्धमूर्तीसमोर पायात काही घालणं त्यांना मान्य नव्हतं. मी फरशीवर पाय ठेवला आणि उडी मारून सावलीत आलो.

"काहून रे, पोयले काय? अमरावतीचे पाय लयच नाजूक!"

"तुमाले नाही लागून राहिलं, भाऊ?"

"मास्तरचे पाय हायेत हे. जिंदगीभर उभं राहून शिकवलं."

रांगेतले लोक हसले, भाऊही हसले. मीही हसलो. खिरीचा गंज रिकामा होईपर्यंत ते तिथेच उभे होते. मी सावलीत होतो...

त्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, आरसा निघाला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी वहिनींना चादरीवर डाग दिसला. दोन्ही तळव्यांचे फोड फुटलेले होते. उजव्या पायाची आधी दोन बोटं काढली, मग गुडघ्याखालून पाय.

दवाखान्यात ते मला एवढंच म्हणाले, "तुया पायानं बरोबर सांगतलं होतं. आपुन दोघंई हासलो."

गेल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. दिवेलागणीला विमलवहिनींनी खाटेखालून आरसा काढला, पदराने पुसला आणि परत आत सरकवला.