गसेट फायलीत होतं

हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही. आई गेली, तिच्याही कानावर घातलं नाही. आज तुम्हाला सांगतेय, पण आधीच बजावते — मी रडणार नाही, आणि तुम्हीही 'अगं, परिस्थितीच तशी असेल' वगैरे म्हणू नका. मला ते ऐकायचं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली. इंजिनीअर झाले आणि शिरूरबाहेरच्या एका कारखान्यात लागले — रोज न्हावऱ्यावरून जाणारी एसटी, जाताना उभ्यानं, येताना उभ्यानं. ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जिथे अडकवतात, तो जोड आमच्याकडे बनायचा. रफिकभाई शिरूरचेच. ते कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचे आणि फाईल फ्लॉपीवर माझ्याकडे द्यायचे. मी ती माझ्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट करायची, पडद्यावरच त्या जोडावर भार टाकायची आणि तो कुठे तुटेल ते सांगायची. लोखंड कापायच्या आधीच! या कामाचा मला माज होता. हो, माजच.

आता जरा नीट ऐका. ड्रॉइंग लेअरमध्ये असतं — ट्रेसिंग पेपर एकावर एक ठेवावेत तसं. एकीवर मुख्य भाग, दुसरीवर मापं, तिसरीवर अक्षरं. सगळ्या लेअर आत घेतल्या की माझा कॉम्प्युटर बसायचा. म्हणून मी फक्त मुख्य लेअर घ्यायची, बाकीच्या बंद. पण रफिकभाईंची एक पद्धत होती. कोपऱ्याला आधार म्हणून त्रिकोणी पट्टी वेल्ड करतात, तिला गसेट म्हणतात. वेल्डिंगवाल्यांना त्याचा वेगळा प्रिंट लागायचा, म्हणून ते गसेट वेगळ्या लेअरवर काढायचे. मला हे माहीत नव्हतं का? — होतं. त्यांनी सांगितलं होतं. मी मान हलवली होती आणि सोडून दिलं होतं.

नवा जोड आला. मी नेहमीसारखी एकच लेअर घेतली, भार टाकला, आणि पडद्यावर कोपरा लालभडक झाला — म्हणजे तिथे तुटणार. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? तडक साहेबांकडे गेले आणि म्हणाले, डिझाईन कच्चं आहे. साहेबांनी गिऱ्हाइकाला फोन करून जाड पत्रा लागेल असं कळवूनही टाकलं, आणि मग रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी माझा प्रिंट हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"मॅडम, ह्यात गसेट कुठं हाय? म्या टाकलंय की फायलीत. फ्लॉपी बगा."

मी टेबलाशी आले. फ्लॉपी घातली, बंद लेअर उघडल्या — आणि गसेट दिसलं. जिथे असायला हवं, तिथेच.

तेव्हा परत जाऊन 'साहेब, माझं चुकलं' म्हटलं असतं तर काय झालं असतं? बोलणी बसली असती. ऑफिसात मी एकटी बाई, सगळे हसायला टपलेलेच होते — हसले असते. एवढंच. हे मला तेव्हाही कळत होतं. मी ती फाईल पुसली. फ्लॉपीवर दुसरं काम भरलं. आणि आत जाऊन सांगितलं, फ्लॉपी पुन्हा वापरली गेली, पण गसेट त्यात आलंच नव्हतं, मी नीट पाहिलं होतं.

रफिकभाईंनी वेल्डिंगवाल्यांसाठी काढलेला गसेटचा प्रिंट आणून दाखवला. साहेब म्हणाले, "कागदावर आहे आणि फायलीत नाही, म्हणजे पाठवताना तूच विसरलास, रफिक."

रफिकभाईंना परमनंट करायचं ठरलं होतं, ते राहिलं. त्यांना स्टोअरमध्ये टाकलं. ज्यांच्या रेषेवर सगळा कारखाना चालायचा, त्यांना नटबोल्ट द्यायला बसवलं! दिवाळीआधी त्यांनी नोकरी सोडली. मला मात्र साहेबांनी चारचौघांत शाबासकी दिली.

मला झोप लागायची का? — लागायची. छान लागायची. झुरले, खंगले असं सांगितलं तर ते दुसरं खोटं होईल. आणि बाई होते म्हणून घाबरले, असंही मी म्हणणार नाही. माझ्यासारख्या कितीतरी बायका तशाच ऑफिसांत चुका कबूल करून ताठ मानेनं काम करत होत्या. परिस्थितीनं फाईल पुसली नाही. मी पुसली.

काही वर्षांनी दौंड स्टेशनवर ते मला दिसले. मी तोंड फिरवणार होते, पण तेच हात करत आले. सोबत मुलगी, डिप्लोमाला जाणारी. नको नको म्हणत असताना चहा आणला आणि तिला म्हणाले, "ह्या त्या मॅडम. ह्यांनी माझी चूक पकडली व्हती."

मग माझ्याकडे वळले. "लई दिवस वाटायचं वो, आपुन लेअर टाकली व्हती. पर तुमी कशाला खोटं बोलाल? माझंच ध्यान नसंल. हिलाबी तेच सांगतो, आपल्या ध्यानावर भरवसा ठिवू नगं."

मुलगी माझ्याकडे आदरानं बघत होती.

मी काय म्हणाले? — "जाऊ द्या हो रफिकभाई, होतं असं कधी कधी." असं म्हणाले. मोठ्या मनानं माफ केल्यासारखी हसलेसुद्धा. पुण्याची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसले.