खड्ड्यात ओतलेले घासलेट

थोरला भाऊ जाऊन दोन महिने झाले. त्याच्या वस्तू मी आवरतो आहे. दिवसाला एक कप्पा, त्याहून जास्त होत नाही. काल गटाराच्या योजनेचा नकाशा सापडला. निळ्या शाईतली एक लांब रेघ, तिच्या टोकाला दोन चौकोन, आणि त्याखाली त्याच्या अक्षरात 'येथे केळी'.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती; लष्कर छावण्यांसाठी जमिनी ताब्यात घेत होते, आणि घासलेट मापाने मिळत होते. खोपोली आणि चौक यांच्या मधल्या आमच्या गावात तो शाळामास्तर होता, आणि मी घरी राहून बी.ए.चा अभ्यास करत होतो. वरच्या आळीतल्या मोऱ्यांचे आणि संडासांचे पाणी एका कच्च्या खड्ड्यात साचत असे. त्याच उताराला, थोडे खाली, गावाची विहीर. आदल्या पावसाळ्यात हगवणीने मुले गेली, त्यांत भावाची धाकटी होती. तेव्हापासून तो या कामाच्या मागे लागला.

योजना साधी होती. दगडी गटार बांधून ते पाणी विहिरीच्या पलीकडे, सखल भागात न्यायचे, दोन पक्क्या टाक्यांत निवळू द्यायचे आणि मग केळीच्या वाफ्यांत सोडायचे. अर्धा खर्च जिल्ह्याचे बोर्ड देणार होते. उरलेला गावाने उभा करायचा, काही वर्गणीने, काही दगड-वाळू वाहून. पण त्याआधी टाक्यांची जागा लिहून द्यायची, तीही मार्गशीर्ष संपायच्या आत; नाहीतर पैसा दुसऱ्या गावाला जाणार. उपयोगाची जागा एकच होती, आमच्या शेजारच्या काकांची. तिथे मोजणीच्या खुंट्या ठोकल्या गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी त्या उपटून आमच्या ओट्यावर आणून ठेवल्या.

"मास्तर, खुंटी आली का तिच्यामागनं तार येते," काका म्हणाले. "तारेच्या आत मंग छावणी. आज तुमी टाकी म्हणताय, उद्या कागदावर दुसरंच निघंल."

"कागद तुमच्यासमोर लिहू."

"लिवणार तुमीच ना?"

भावाने मग एक प्रयोग ठरवला. चार माणसांना बोलावून त्यांच्यादेखत दोन बाटल्या घासलेट त्या खड्ड्यात ओतले. विहिरीच्या पाण्याला वास आला, तर खड्डा विहिरीत झिरपतो हे सिद्ध होणार होते. तिसऱ्या दिवशी वास आला. पाणवठ्यावर बायका एकमेकींना घागर हुंगायला देत होत्या.

"वात सोड गं तुज्या घागरीत, दिव्याचं काम झालं."

"मास्तरांनी सोय केली म्हणायची. कंट्रोलच्या दुकानात तर मिळत नाय."

विहिरीबद्दल कोणीच बोलेना. बोलणे सगळे घासलेटाचे. लोक म्हणत, आमच्या घरात दिवा लागत नाही, मग यांच्याकडे गटारात ओतायला आले कुठून? आणि काकांनी चावडीवर विचारले, "खड्ड्यात दोन बाटल्या वतल्या, त्या आमी बगितल्या. हिरीत किती वतल्या, त्या कुणी बगितल्या?"

घरी आल्यावर भाऊ मला म्हणाला, "मी फक्त खड्ड्यातच ओतलं रे."

"हो," मी म्हणालो.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला आणि आत गेला. त्याआधीच मी घासलेटाचा डबा हलवून पाहिला होता. मला वाटत होते त्याहून तो हलका लागला. पण तो आधी किती भरलेला होता, हे तरी मला कुठे ठाऊक होते? एवढे मात्र कळत होते की मुलगी गेलेल्या माणसाला पुरावा हवा होता, आणि तो त्याला फार लवकर मिळाला होता.

मुदतीला पंधरा दिवस उरले, तेव्हा ती वाढवून मागायला तो अलिबागला, बोर्डाच्या कचेरीत गेला. आठवडा मोडणार होता. माझ्या वाचनाच्या कंदिलापुरते घासलेट मी वेगळे ठेवत असे. भर दुपारी, सारा गाव खळ्यांवर भात झोडत असताना, ते सगळे मी खड्ड्यात ओतले. विहिरीकडे फिरकलोही नाही. मला फक्त माझ्यापुरते कळायला हवे होते.

चौथ्या दिवशी सकाळी काका ओल्या हाताचा वास घेत आमच्या दारात आले.

"मास्तर हायेत?"

"सोमवारपासून अलिबागला."

ते ओट्यावर बसले. पुन्हा हात हुंगला. "तुमी तर पुस्तकातलं मानूस, तुमी कशाला वताल," ते माझ्याकडे न बघताच म्हणाले. "म्हंजे त्या वक्ताचंच अजून झिरपतंय. आन् त्येच आमी पितोय."

मी ओतल्याचे सांगितले नाही. खरे सांगितले असते, तर त्यांनी मलाही तेच विचारले असते. संध्याकाळी त्यांनी संमतिपत्र मागून घेतले, दोनदा वाचून घेतले आणि अंगठा उठवला. जाताना म्हणाले, "तार दिसली तर मी तुमच्या दारात येऊन बसंन."

भाऊ परतला तो हात हलवत. मुदत वाढली नव्हती. मी त्याच्या हातात कागद दिला आणि वास पुन्हा आल्याचे सांगितले. तो अंगठ्याच्या ठशाकडे बघत राहिला. मग माझ्या टेबलावरचा कोरडा कंदील उचलून त्याने कानाशी हलवला.

"विहिरीत ओतलंस?" त्याने हळूच विचारले.

"नाही. खड्ड्यातच."

"हो," तो म्हणाला.

तो आवाज मी ओळखला. माझाच होता.

गटार पुढच्या पावसाआधी झाले. काकांच्या त्या तुकड्यात केळी धरली, तार कधी आली नाही. आम्ही दोघांनी मात्र घासलेटाचा विषय पुन्हा काढला नाही. मी त्याच्यासाठी गावाला फसवले, असे तो शेवटपर्यंत मानत राहिला असावा, आणि बहुधा त्याबद्दल माझ्यावर थोडे जास्तच प्रेम करत राहिला. त्याचा विश्वास बसेल असे एकच वाक्य माझ्यापाशी होते: तू खोटा आहेस का, ते बघायला मी ओतले. ते त्याच्या तोंडावर म्हणणे मला जमले नाही.

नकाशा मी घडी करून परत त्याच कप्प्यात ठेवला आहे.