मेजरांची बत्तीस पिनांची परेड

एंटरचं बटण दाबण्याआधी मेजर खुर्चीत ताठ व्हायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "सावधान!" पडद्यावर बत्तीस पिना एका ओळीत, सारख्या अंतरावर उभ्या राहिल्या की पाठ टेकून म्हणायचे, "विश्राम." साताऱ्यातल्या आमच्या सात माणसांच्या ऑफिसात आधी सगळ्यांना याचं हसू यायचं. पुढे मलाही तो शब्द ऐकल्याशिवाय काम संपल्यासारखं वाटेना.

मेजर म्हणजे बजरंग मोहिते, पलूसकडचे. फौजेत ते हवालदार होते, पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. सिग्नलमध्ये सतरा वर्षं काढून, चाळिशीला टेकल्यावर त्यांनी चिपचे नकाशे काढायचा कोर्स केला आणि सहा महिन्यांच्या बोलीवर आमच्याकडे लागले. त्यांना शिकवायला मी, वयाने चांगली चौदा वर्षांनी लहान. तरी त्यांचं "जी मॅडम" कधी चुकलं नाही. त्यांच्या बरोबरीचे सगळे कुठे ना कुठे सिक्युरिटीत लागले होते. "फौजी म्हंजे गेटवरच हुबा ऱ्हायचा, असं कुटं लिवलंय व्हय?" मेजर म्हणायचे. ही नोकरी पक्की व्हावी, एवढंच त्यांना हवं होतं.

काम तसं साधं. चिपच्या एका भागाकडून दुसऱ्या भागाकडे तारांची जुडी जाते, तिला बस म्हणतात. प्रत्येक तारेसाठी भागाच्या कडेवर एक पिन, आणि पिनेला शून्यापासून क्रमांक. हाताने एकेक काढत बसलं तर दिवस मोडतो, म्हणून सॉफ्टवेअरला एकदाच लेखी हुकूम द्यायचा, ती स्क्रिप्ट. मेजर मात्र पहिल्या चार पिना हातानेच काढत. "आदी हातानं, मग हुकमानं. चौघांची परेड जमली की बत्तिसांची जमती."

आता माझं. मला लहानपणापासून डावं-उजवं पटकन उमगत नाही, जेवायचा हात आठवावा लागतो. एवढं शिकले, पण हे काही गेलं नाही. एकदा भागाच्या खालच्या कडेवर पिना काढायच्या होत्या. कामासोबत आलेल्या कागदावर लिहिलं होतं, क्रमांक डावीकडून.

"मॅडम, कुणाच्या डावीकडनं?" मेजरांनी विचारलं. "पिन भाईर तोंड करून हुबी हाय. तिचं डावं येगळं, आपलं डावं येगळं."

मी गोंधळले. पण शिकवणारीने गोंधळून कसं चालेल? ठसक्यात म्हणाले, "पिनेच्या!"

मेजरांनी डब्यातल्या भाजक्या शेंगा काढल्या आणि टेबलावर समोरासमोर दोन रांगा मांडल्या. "आवं, हे बगा. दोनी पल्टनींनी आपापल्या डावीकडनं मोजलं, तर हितला पयला तितल्या शेवटच्यापुडं येतोय. समदं उलटं पडंल की."

मी शेंगांकडे पाहिलं, जेवायच्या हाताकडे पाहिलं. दोन्हीकडून काहीच कळेना. "कागदात आहे तसंच करा, मेजर. पिनेच्या डावीकडून."

"जी मॅडम." त्यांनी शेंगा डब्यात भरल्या. सावधान. विश्राम.

पंधरा दिवसांनी आमचा भाग दुसऱ्यांनी केलेल्या समोरच्या भागाला जोडला, तेव्हा बत्तीसच्या बत्तीस तारा एकमेकींना आडव्या गेल्या. नुसत्या आमच्या भागात पाहिलं तर सगळं बिनचूक होतं, म्हणून आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. काम परत आलं. ऑफिसचे सर तापले. "स्क्रिप्ट कुणाची?"

मेजर उठून उभे राहिले. "माजी, साहेब."

खोटं काहीच नव्हतं त्यात. स्क्रिप्ट त्यांचीच होती. मी पडद्यावरच्या आडव्या तारा मोजत बसले. घरी जाऊन कागदावर दोन रांगा काढल्या, कागद फिरवला, पुन्हा फिरवला. दर वेळी वेगळाच माणूस चुकलेला निघे. एकदा मी, एकदा मेजर, एकदा तो कागद लिहिणारा. नक्की कळलं की सरांना सांगू, असं ठरवलं. कळेपर्यंत सहा महिने भरले आणि मेजरांना "कळवतो" म्हणून निरोप मिळाला. जाताना उरलेल्या शेंगा माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या मला खाववल्या नाहीत.

परवा इस्लामपूरला एका दवाखान्यात आत्याला बघायला गेले. गेटवर निळ्या गणवेशात मेजर उभे होते. ताठ, तसेच. मला पाहून हसले. "मॅडम! बऱ्या हायसा न्हवं?"

मला रडूच कोसळलं. "मेजर, ती चूक माझी होती."

"म्हाईत हाय की." त्यांनी शांतपणे वहीत माझं नाव लिहून घेतलं. "कुणाला भेटायचंय?"

मी आत्याचं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे तोंड करून हात लांब केला. "आत जावा, मग डावीकडं." वही मिटत पुढे म्हणाले, "तुमच्या डावीकडं, मॅडम."

मी आत गेले आणि उजवीकडे वळले.