राहूच्या गुऱ्हाळावरचा आयसोलेटर

मुलांनो, तुमचे धाकटे आजोबा पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येत आहेत. त्यांचा उजवा हात पाहून तुम्ही विचाराल आणि ते थट्टेवारी नेतील. म्हणून काय झालं ते मीच आधी लिहून पाठवते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस शिरूरला तुमच्या आजोबांचं कंट्रोल पॅनल बनवायचं छोटं वर्कशॉप होतं. कॅटलॉग इंग्रजीत यायचे. ते मी वाचून सांगायची आणि कुठला माल घ्यायचा ते आजोबा ठरवायचे. त्यांच्या धाकट्या भावाचं दौंडजवळच्या राहू गावात गुऱ्हाळ होतं. त्याचं पॅनल करताना आजोबा आयसोलेटरपाशी बरेच दिवस अडले. आयसोलेटर म्हणजे मशीनची वीज साफ तोडणारा स्विच. शेवटी त्यांनी असा निवडला, की जो चालू मोटरचा भारही तोडेल आणि बंद केल्यावर ज्याच्या मुठीला कुलूप घालता येईल. मशीनमध्ये हात घालणाऱ्याने किल्ली आपल्या खिशात ठेवायची.

ते कुलूप लवकरच गुळाच्या खोलीला लागलं.

"भावजी, ते मशीनचं कुलूप आहे," मी म्हणाले.

"वहिनी, चोरीला गूळ जातो. उसाचा चरक कोण उचलून नेतंय?"

"आणि आत हात घालायचा झाला तर?"

"तवा लोडशेडिंग असतंच की. तारंत करंटच न्हाई, मग कुलूप कशाला? तुमच्या इंग्रजी पुस्तकात लोडशेडिंग हाय का?"

सगळे हसले. मलाही हसू आलं.

पुढच्या हंगामात मी राहूला गेले, तर भावजींनी विहिरीच्या पंपावरचा ऑटो काढून गुऱ्हाळाच्या पॅनलला जोडून घेतला होता. ऑटो म्हणजे वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारी डबी. वीज अवेळी यायची, म्हणून शेतोशेती पंपांना ती असायची. "चुलवाणाचा जाळ सोडून बटण दाबायला कोण पळणार?" भावजी म्हणाले. मी शिरूरला फोन लावला. आजोबा भावावर ओरडले, मग विनवणीवर आले. "एवढा सीझन ऱ्हाऊ द्या, दादा," एवढंच उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी वीज गेली तेव्हा चरकात चिपाड अडकलं होतं. भावजी ते उपसायला बसले.

"आधी स्विचची मूठ तरी फिरवा, भावजी."

"तीनच्या आत येत न्हाई ती. तुम्ही च्या टाका."

त्या दिवशी ती लवकर आली. चरक फिरला. मी धावत जाऊन मूठ फिरवली आणि चरक जागच्या जागी थांबला. पण थांबलेल्या चरकात भावजींचा हात होता. माणसांनी पट्टा उलटा ओढून तो सोडवला, तोवर मी मूठ घट्ट धरून नुसती उभी होते. जीपमध्ये दौंडपर्यंत ते म्हणत राहिले, "काहील उतरवा रे, रस करपंल." डॉक्टरांनी हात पाहिला आणि मान हलवली.

नंतर आजोबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ही हकीकत सांगायचे. लोक हळहळायचे, आणि जाताना ऑटो कुठं बसवून मिळेल ते विचारायचे.

गुऱ्हाळ आता नाही, वर्कशॉपही नाही. भावजींच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढेच शाबूत आहेत. त्या दोहोंत पेन धरून ते सही करतात.